मॅडमच्या मिस्टरांचे डोळे

नाही नाही, बोटांनी नका झाकू – तळहात ठेवा, असा, खोलगट, डोळ्यावर दाब न देता. बोटांच्या फटीतून दिसतं माणसाला आणि मग नंबर चुकतो, आणि नंबर चुकला की माझ्याच नावाने ओरडत येतात लोक. हां, अस्सं. आता समोरचा तक्ता वाचा. वरची ओळ – बरोबर. त्याखालची? बरोबर. त्याखालची... अडलात? बरं, असू दे, घाई नाही. ही चाचणीची फ्रेम जरा जड असते, नाकावर रुतते, पण थोडा वेळ सोसा. काय म्हणालात? फिल्म? हो, बघितली की – मॅडमच्या मिस्टरांवरची ना? न बघून जाते कुठे. म्हणजे तुम्हीही बाहेरच्या पाटीमुळेच आत आलात तर. मघाशी काचेतून दिसलात मला, फोन वर धरून पाटीचा फोटो काढताना. काढा हो, हल्ली सगळेच काढतात. पूर्वी या दुकानावरून जाताना कुणी मान वळवत नव्हतं, आता पोरंपोरी दारात उभी राहून फोटो काढतात आणि आत यायचं नाव नाही. तुम्ही निदान खुर्चीत तरी बसलात.

तर फिल्म. मॅडम मोठ्या, त्यांची खुर्ची मोठी, निवडणूक तोंडावर – मग पक्षातल्या कुणीतरी डोकं चालवलं की मॅडमना बघून लोक कंटाळलेत, आता त्यांच्या मिस्टरांवर फिल्म काढू, नट न घेता खुद्द मिस्टरांनाच दाखवू, म्हणजे घर दिसेल, संसार दिसेल, मॅडमही आपल्यासारख्याच आहेत असं वाटेल लोकांना. आणि झालं काय? शेजारचा औषधवाला – एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस – तो म्हणतो, ‘पिऊन आले होते हो मिस्टर, सरळ चालता येत नव्हतं.’ बँकेतल्या बाई चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आल्या, त्या म्हणतात, ‘गर्विष्ठ मेला, ती एवढीशी पोर फुलं घेऊन उभी आणि हा तिच्याकडे न बघता सरळ पुढे गेला.’ शाळेतले सर म्हणतात, ‘बायकोचं कोपर धरून जिना उतरतो, काही कणा आहे का माणसाला?’ आणि आमचा पोस्टमन तर नुसता हसत सुटतो, त्याला तो पाण्याचा ग्लास आठवतो. माहितीये ना तो ग्लास? सगळ्या जगाला माहितीये. मॅडम भाषण करतायत, हा बाजूला बसलाय, पाण्यासाठी हात पुढे करतो – ग्लास एकीकडे, हात दुसरीकडे – आणि सगळं पाणी शेजारच्या मंत्र्याच्या मांडीवर. तेवढाच तुकडा कापून गाणं लावलंय त्याला. मी सगळ्यांचं ऐकून घेते, हो म्हणते. हसतेसुद्धा. खोटं कशाला बोलू, बँकेतल्या बाई हसल्या तेव्हा मीही हसले, आणि मग आत मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दुसरा डोळा झाका आता. तळहाताने. हं, वाचा. तिसऱ्या ओळीला पुन्हा अडलात, दोन्ही डोळ्यांचं सारखंच दिसतंय. थांबा, भिंग घालून बघू. हे बरं की – हे बरं? पहिलं? की दुसरं? दोन्ही सारखीच वाटतात, होतं असं. तर मी म्हणत होते की लोकांना काय, लोकांना ग्लास दिसला. मला ग्लास नाही दिसला हो. मला धाकट्याची मान दिसली. हात पुढे करायच्या आधी त्याने मान वळवली, अख्खी मान, ग्लास शोधायला – आणि आपण कशी घेतो वस्तू? आपण नाही मान वळवत, बाजूचं आपोआप दिसतं आपल्याला, म्हणून हात बरोबर जातो. मी थिएटरात उभीच राहिले, मागचा माणूस ‘बसा हो बाई’ म्हणून ओरडला...

धाकटा म्हणजे कोण? असं म्हणाले का मी? म्हणाले असेन. सवय आहे जिभेची. आता निघालंच तोंडातून तर ऐका – मॅडमचे मिस्टर म्हणजे माझा पाठचा भाऊ. सख्खा. अहो, नका असे बघू, गल्लीत जुनं कुणी उरलं नाही, आताच्या कुणाला माहीत नाही, औषधवाल्यालाही नाही. तो तिकडे गेला त्याला जमाना झाला, आणि त्यानेच सांगितलं होतं, ‘ताई, माझं नाव सांगू नकोस, नाहीतर लोक कामं घेऊन येतील, तुला त्रास.’ मी म्हटलं बरं. दुकान वडिलांचं, या मागच्या खोलीत तो काचा घासायचा आणि मी पुढे गिऱ्हाईक बघायचे. हात काय होता त्याचा. एक काच फुकट घालवली नाही कधी. आणि आता जग म्हणतं धांदरट. तुम्ही कुणाला सांगू नका म्हणजे झालं – नाही सांगणार तुम्ही, चेहऱ्यावरून भले वाटता.

आणि मग ती फुलं घेतलेली पोर. कुठल्या बाजूला उभी होती, आठवतं? डावीकडे, आणि खाली, एवढीशी उंची तिची. दिसलीच नाही त्याला. ज्याला मुलांचा एवढा लळा, दुकानात कुणाचं पोर रडलं तर रिकाम्या फ्रेमा स्वतःच्या कानाला लटकवून नाचायचा, तो एका पोरीचा हिरमोड करील? जन्मात नाही. आणि जिन्यावर बायकोचं कोपर – अहो, पायरीची कड दिसत नाही त्याला, म्हणून धरतो. बायकोच्या धाकात नाही तो, जिन्याच्या धाकात आहे. हे सगळं मी आधी बघितलंय हो. हुबेहूब. माझ्या वडिलांचं असंच झालं. आधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, मग ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, आम्ही हसायचो, आई म्हणायची लक्ष कुठे असतं यांचं. दुखत नाही, खुपत नाही, डोळे लाल होत नाहीत – कडेकडेने मिटत येतं सगळं आणि मधलं तेवढं शेवटपर्यंत लख्ख दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं, मला काय झालंय? काचबिंदू. आयुष्यभर चष्मे विकले माझ्या वडिलांनी, आणि शेवटी माझा आवाज ऐकून माझ्या बाजूला तोंड करायचे. गेलेलं परत येत नाही यात, तेवढं मला कळतं, पण उरलेलं राखता येतं. थेंब असतात, रोज घालायचे. वेळेत दाखवलं तर. मी काही डॉक्टर नाही, मला नुसती शंका आहे – पण एकदा, एकदाच डॉक्टरांना दाखवायला नको का?

हे बरं की हे? ... तुमचं लक्ष नाही तक्त्याकडे.

कळवायचं ना मग त्याला, म्हणताय? अहो, मी काय हातावर हात ठेवून बसले असेन? फोन केला. त्याचा नंबर मॅडम निवडून आल्या तेव्हाच बदलला, रविवारी तोच करायचा मला, कुठल्या कुठल्या नंबरांवरून, आणि फिल्म आली तसं तेही थांबलं. म्हणून मी बंगल्यावर केला. तर तिथे फिल्मसाठी वेगळी सोय केलेली – आवडली असेल तर एक दाबा, फार आवडली असेल तर दोन दाबा. न आवडल्याचं बटणच नाही. मी काहीच दाबलं नाही, तशीच धरून बसले, तेव्हा एक मुलगी आली फोनवर, ‘बोला, आपली प्रतिक्रिया?’ मी म्हटलं, प्रतिक्रिया नाही गं बाई, मी त्यांची बहीण बोलतेय, त्यांच्या डोळ्यांचं काम आहे. तर म्हणते कशी – गोड आवाजात हं – ‘मावशी, फिल्म आल्यापासून साहेबांना खूप बहिणी झाल्यात. प्रतिक्रिया नोंदवलीये तुमची.’ मग स्वतः गेले. दुकान बंद करून, दोन गाड्या बदलून. फाटकावरच्या शिपायाने पिशवी उघडायला लावली, मी वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद आणि त्यांचा जुना चष्मा नेला होता, म्हटलं हा बघितला की ओळखेल तो. शिपाई म्हणाला, आजी, वस्तू आत जात नाहीत, निरोप जात नाही, फुलं असतील तर तेवढी त्या टेबलावर ठेवा. आजूबाजूला ढीग होता फुलांचा. मी फुलं नेली नव्हती. परत आले.

आणि मग ते घडलं. पाटीचं. आता तुम्हाला सगळं सांगितलंच आहे तर हेही ऐका. फिल्म इंटरनेटवरही आहे ना, तिच्याखाली लोक लिहितात, ते मी रोज वाचत बसायचे. लोक काय काय लिहितात हो, तुम्ही वाचलंत? मला एकदा वाटलं, एवढं सगळं जग इथे लिहितंय तर तोही वाचत असेल. माणूस आपल्याबद्दलचं वाचल्याशिवाय राहतो का? म्हणून मी लिहिलं. दोनच ओळी. ‘यांचे डोळे ताबडतोब तपासा. उशीर करू नका.’ मनापासून लिहिलं. पण माझ्या फोनवर आहे ते दुकानाचं खातं – शेजारच्या एका पोरीने काढून दिलेलं, गिऱ्हाइकांना नव्या फ्रेमा दिसाव्यात म्हणून – आणि ते ध्यानातच राहिलं नाही माझ्या. गेलं ते दुकानाच्या नावाने. वर दुकानाच्या पाटीचा फोटो, शेजारी फोन नंबर, आणि खाली ‘डोळे ताबडतोब तपासा’. आता सांगा, कुणाला वाटेल ही बहीण आहे? लोकांना वाटलं, काय डोकेबाज दुकानदार आहे, मिस्टरांनी ग्लास सांडला आणि याने जाहिरात केली. सकाळी उठते तो गावभर झालेलं. सगळ्या प्रतिक्रियांमध्ये सगळ्यात गमतीची म्हणे माझी. बक्षीस द्या म्हणाले लोक.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. विरोधकांनी उचललं. मॅडमच्या सभेत मागून पोरं ओरडायला लागली, ‘डोळे तपासा, डोळे तपासा’. बनियनवर छापलं. रिक्षांच्या मागे लावलं. त्या सभेत तो मॅडमच्या बाजूलाच बसलेला होता, मी टीव्हीवर बघत होते, आवाज कुठून येतोय ते बघायला त्याने मान वळवली – पुन्हा अख्खी मान – आणि ते बघून लोक आणखी हसले. मी पुसलं नंतर ते लिहिलेलं, त्या शेजारच्या पोरीला बोलावून पुसायला लावलं, पण फोटो निघाले होते लोकांचे. आणि त्या संध्याकाळी मला एक मेसेज आला, अनोळखी नंबरवरून. ‘ताई, असं चारचौघांत कशाला लिहिलंस.’ एवढंच. त्याच नंबरवर मी लगेच लावला, बंद. तेव्हापासून बंदच आहे. म्हणजे बघा, त्याच्यापर्यंत पोचलं. माझंच तेवढं पोचलं आणि तेही असं.

बरं, ते राहू दे. शेवटचं भिंग घालते. आता वाचा – तिसरी ओळ. हां. चौथी? वा. शेवटची? अगदी तळाची, ती बारीक? ... सगळी वाचलीत, घडाघडा. आता बरं दिसतंय म्हणता?

अहो, ही नुसती काच आहे. साधी, खिडकीला लावतात तशी. नंबर शून्य. कधीकधी शाळेतली मुलं येतात, चष्मा मिरवायला हवा म्हणून दिसत नाही असं सांगतात, त्यांना ही घालते मी. तुमचे डोळे ठणठणीत आहेत. मग आलात कशाला? ... नाही, काढू नका फ्रेम, आधी सांगा, आलात कशाला? फोटो तर बाहेरून काढून झाला होता.

अच्छा.

कार्डावर छापलंय म्हणजे खरंच असणार. मॅडमच्या ऑफिसातले. आणि मी काय बडबडत सुटलेय मघापासून... तुम्हाला वाटलं होतं विरोधकांनी पैसे चारले असतील मला, ते माझ्या तोंडून काढून घ्यायला आलात. मग ऐकलंत ना आता? सगळं ऐकलंत. बरंच झालं, मी म्हणते. मी फाटकापर्यंत येऊन परत गेले आणि बंगला आपल्या पायाने माझ्या खुर्चीत येऊन बसला. आता तुम्हीच सांगा त्याला. साधं काम आहे, डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरांकडे न्यायचं, डोळ्याच्या आतला दाब मोजतात, बाजूचं किती दिसतं ते बघतात, सुई नाही, काही नाही. मी नको तर नको, मी येत नाही समोर. नुसतं न्या त्याला.

निवडणुकीनंतर? का, नंतर का? ... आजारी दिसायला नकोत. हं. म्हणजे गर्विष्ठ चालेल, पिऊन आलेला चालेल, पण आजारी नको. आणि माझी भावजय काय म्हणते? मॅडम हो, मॅडम. त्यांना माहीत नाही. तुम्ही सांगणार का त्यांना? ... कळलं, तुमच्या हातात नाही. तुमच्या वरचे ठरवणार. आणि त्यांच्या वरचे. अहो, पण डोळे त्यांच्या वरच्यांचे नाहीयेत ना. रोज जातंय त्याचं थोडं थोडं, निवडणूक संपेपर्यंत ते काय थांबून राहणार आहे का? नाही, ओरडत नाहीये मी. बसा. पाणी देऊ? बसा हो, तुमच्याशिवाय आता कोण आहे माझं तिकडे.

व्हिडिओ? माझा? काय म्हणायचं त्यात... की मी गंमत केली. जाहिरात म्हणून लिहिलं, चूक झाली, साहेबांचे डोळे उत्तम आहेत. असं कसं म्हणू हो मी, मलाच तर वाटतंय की नाहीयेत. ... हो, ते कळतं मला, घोषणा थांबतील. सभेत त्याला चिडवणार नाही कुणी. ... आणि तो बोलेल माझ्याशी? तुम्ही लावून द्याल? आत्ता, इथून, तुमच्या फोनवरून? वरच्यांना न विचारता तेवढं तुमच्या हातात आहे? ... शपथेवर सांगता? मग थांबा, मला जरा विचार करू द्या. एकदा तो फोनवर आला की त्याला मी सांगेन सगळं, हळूच, की कॅमेऱ्यासमोर म्हणाले ते सोड, डॉक्टरांना दाखव. मग व्हिडिओत काय म्हटलं त्याला काय महत्त्व. जगाला काय सांगायचं ते जगाला, भावाला काय सांगायचं ते भावाला. बरोबर ना? मीच विचारते, मीच बरोबर म्हणते. चला, करा सुरू. इथे उभी राहू? की तक्त्यापुढे?

‘नमस्कार. मी जे लिहिलं ती एक गंमत होती. साहेबांचे डोळे –’ हसून? गंमत म्हणताना चेहरा हसरा हवा, कळलं. पुन्हा करा. ‘नमस्कार. मी जे लिहिलं ती एक गंमत होती, धंद्यासाठी केलेली. मी इतकी वर्षं या कामात आहे, साहेबांचे डोळे मी फिल्ममध्ये नीट बघितलेत आणि ते अगदी उत्तम आहेत. कुणी काळजी करू नये.’ ... ते ‘इतकी वर्षं या कामात’ माझंच घातलं मी, ओघात आलं. राहू दे म्हणता? बरं, राहू दे. झालं ना? पाठवलंत? एवढ्यात? मग लावा आता. लावा. मी पदर – नाही, काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलंय, लावा तुम्ही.

हॅलो. धाकट्या? मी रे, ताई. ... आवाज किती बारीक झालाय तुझा, जेवतोस ना नीट? ... नाही रागावले रे, तुझ्यावर कशाला रागावू. ... बघितलास? लगेच दाखवला त्यांनी? ... हो. हो, मीच ती. बरं, ऐक, मला तुला एक – ... तू बोल, तू आधी बोल. ... काय? घाबरला होतास? ... मी लिहिलं म्हणून? ‘ताई उगाच लिहायची नाही’ असं वाटलं तुला. माझ्या राजा. ... कुणाची वेळ घेतली होतीस? डोळ्यांच्या डॉक्टरांची? उद्याची? कुणालाही न सांगता, एकटा जाणार होतास? शहाणा माझा. अगदी बरोबर केलंस, तू उद्या – ... म्हणजे काय, होतीस? ... रद्द केलीस. आत्ता. माझा व्हिडिओ बघून. ... नाही रे, हसू नकोस, हायसं वाटून घेऊ नकोस, ऐक आधी, ताई म्हणाली म्हणून तू – ऐक ना, बाबांचंसुद्धा असंच –

अहो, फोन का ओढलात?

वेळ संपली कसली? मुद्द्याचं अजून बोललेच नाही मी. त्याला काहीच सांगितलं नाही मी अजून. ... पुन्हा लावा. एक वाक्य बोलते, जास्त नाही. जाताय कुठे, अहो, पुन्हा लावा ना फोन.